चिंधी बांधलेले तीन दोडके

एका उन्हाळ्यात मी तीन दोडक्यांचा पत्ता काढत सोलापूरच्या गल्ल्या तुडवल्या. दोडके कुणाला दिले होते त्यांची नावं माझ्याकडे नव्हती. भाजी घेणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं नाही, हा नियम मीच करायला लावला होता, तोही चांगला तासभर भांडून.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्याच्या पुढचा हा उन्हाळा. मागांना सूत मिळेना, म्हणून गल्लीगल्लीत माग थंड पडले होते. खेड्यांतली माणसं बोचकी घेऊन रुळांच्या कडेनं उतरत होती. आमच्या भागातल्या काही लोकांनी एका तालमीत शिधाकोठी सुरू केली. घराघरातून रोज मूठ मूठ ज्वारी गोळा करायची आणि शनिवारी ती ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांना वाटायची. कोठी सांभाळायला मिलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, ते जॉबर म्हणजे मुकादम होते, म्हणून सगळे त्यांना जॉबरकाका म्हणत. नुसत्या ज्वारीनं माणूस उभा राहत नाही, वर हिरवं काही पाहिजे, हे त्यांच्याच डोक्यातून निघालं. तालमीजवळच्या, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागची जागा त्यांनी मालकाकडून मागून घेतली. तिथे एक विहीर होती आणि तिच्या तळाशी अजून पाणी होतं. त्या पाण्यावर कोठीसाठी भाजी पिकवायची ठरलं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं चार आणि पत्रकं ढीगभर. फडताळात अंथरायला पत्रकं, डबा बांधायला पत्रकं, माझ्या शाळेच्या वह्या म्हणजे पत्रकांच्या कोऱ्या पाठी शिवलेल्या. मी वाचायला शिकले ती संपाच्या पत्रकांवर. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बागेसाठी पहिलं पत्रक मीच लिहिलं: ‘ही भीक नाही! हा तुमचा हक्क आहे!’ वडिलांनी ते रात्रपाळी संपताना उरल्यासुरल्या कागदावर छापून दिलं. जॉबरकाका त्या दिवसापासून मला ‘पत्रकबाई’ म्हणू लागले.

नावांचं भांडण तेव्हाचंच. काका म्हणाले, “वही ठेवू. कोण आलं, काय नेलं.”

“आणि पुढच्या वर्षी कुणीतरी ती वही उघडून म्हणेल, हे बघा, ह्यांनी फुकट खाल्लं होतं. नाही. नाव विचारायचं नाही.”

“अगं, पण हिशोब?”

“भुकेचा कसला हिशोब, काका?”

काकांनी वही बंद करून ज्वारीच्या पोत्यावर टाकली. आजही मला वाटतं की मी बरोबर होते. त्याची किंमत पुढे दोन दिवस चालून भरली, हे वेगळं.

बाग खरं म्हणजे मावशींची होती. मंद्रूपच्या बाजूच्या एका खेड्यातून त्या आल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता मनगट मोडलं, ते नीट बसलं नाही, आणि हातोडा धरता येईना. काकांनी त्यांना बागेतल्या पत्र्याच्या खोलीत ठेवून घेतलं. बरोबर त्यांनी आणलं होतं एक बोचकं, एक खुरपं आणि लुगड्याच्या पदरात बांधलेलं दोडक्याचं बी. ते बी त्यांच्या माहेरचं. ज्वारीचं बियाणं घरात खाऊन संपलं होतं, जनावरं छावणीत गेली होती, पण हे त्यांनी कुणाला दिलं नव्हतं आणि खाल्लंही नव्हतं. पदरातलं सगळं बी त्यांनी बागेत लावलं. त्यातली दोनच रोपं उगवली. म्हणजे त्या दोन वेलांवर जे पिकेल तेवढंच त्यांच्या माहेरचं बियाणं जगात उरलं होतं. हे मी आज सांगते आहे. तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

आणि विचारायची खोड तर मला भारी. बागेत पाय टाकल्यापासून माझं तोंड बंद नसे. मावशींनी कुंभाराकडून तडकलेल्या घागरी मागून आणल्या, प्रत्येकीच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात चिंधीची वात घातली आणि वेलाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरल्या. मी विचारलं, का?

“घागर भरायची आन् झाकायची. वातीनं थेंब थेंब मुळाला जातंय.”

“मग वरून का नाही घालायचं?”

“वरनं घातलं तर ऊन पितंय. आपन काय उनाला पाजाय बसलोय व्हय?”

मला ते इतकं आवडलं की मी एक घागर परत उकरून बघितली. वात ओली होती, माती हाताएवढ्या गोलात ओली होती आणि त्याच्या पलीकडे ठणठणीत कोरडी. मेथी त्यांनी गवारीच्या सावलीत पेरली, ते का? अंबाडीचे शेंडेच का खुडायचे, मुळासकट का नाही? विहिरीतलं पाणी सकाळीच का ओढायचं, उरलेलं संध्याकाळी का नाही?

“पोरी, तू लई इचारतीस,” मावशी म्हणायच्या. “तोंडानं इचार, हातानं पानी वढ.”

मी ओढायचे. रहाटाच्या दोरानं हाताला फोड आले, तेव्हा मनात सुखावलेही. पत्रकात ‘श्रम’ हा शब्द मी कितीदा लिहिला होता, आता तो तळहातावर दिसत होता. हे कुणाला बोलून दाखवलं नाही, तेवढी अक्कल होती.

एप्रिलमध्ये वेलांच्या मांडवावर दोडके धरले. कोवळे निघतील तसे शनिवारी कोठीत जायचे. पण तीन दोडके मावशींनी तसेच राहू दिले. पानांच्या आड ते वाढतच गेले. त्यांच्या देठांना काळ्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. कापड फाटक्या छत्रीचं होतं. “छत्रीला आता काय काम हाय?” म्हणत त्यांनी ते माझ्यासमोरच फाडलं होतं. मी विचारलं, हे कशाला?

“त्याला हात लावायचा न्हाई,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पोहरा उचलून निघून गेल्या.

बाकी कुठल्याही प्रश्नावर मी दुसरा प्रश्न विचारला असता. इथे नाही विचारला. काळी चिंधी पाहिली आणि उत्तर मला आधीच पाठ होतं: दृष्ट लागू नये म्हणून! त्याच महिन्यात मी लिंबू-मिरची आणि काळ्या बाहुल्यांवर एक सणसणीत पत्रक लिहिलं होतं. दुष्काळात माणसं उपाशी आणि आमच्या बागेत दोडके वाईट नजरेच्या भीतीनं लपवलेले. मला राग आला. मावशींचा नाही, त्यांच्यावर लादलेल्या अज्ञानाचा. पत्रकात रागाची अशी विभागणी नीट करता येते.

पुढच्या शुक्रवारी मावशी आजारी दिराला बघायला दोन दिवस गावी गेल्या. जाताना सांगून गेल्या: “मेथी काढ, गवार तोड. मांडवाला हात लावू नगंस.”

शनिवारी सकाळी भाजी कमी निघाली. मेथी उन्हानं जळाली होती, गवार मूठमूठ. कोठीसमोर रांग लागलेली मला बागेच्या फाटकातून दिसत होती. वर मांडवात ते तीन दोडके, दंडाएवढे जाड. मी स्टुलावर चढले. चिंध्या ओढून तोडल्या, खाली मातीत टाकल्या, आणि तिन्ही दोडके कापले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

जॉबरकाकांनी एक दोडका हातात तोलला. ते शहरात जन्मलेले, माग सोडून त्यांना कशाची माहिती नाही. “केवढा जाड गं हा. शिजेल का?”

“कोवळं कोवळं श्रीमंतांनी खायचं, आता एकदा जाडजूड गरिबाला मिळू दे.”

“वा, पत्रकबाई,” म्हणून त्यांनी तो पुढच्या बाईच्या टोपलीत टाकला.

रविवारी संध्याकाळी मावशी परतल्या. बोचकं खाली ठेवलं आणि सरळ मांडवाखाली गेल्या. मी विहिरीपाशी होते. त्या ओरडतील अशी माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. त्या ओरडल्या नाहीत. मातीतल्या तिन्ही चिंध्या त्यांनी उचलल्या, झटकल्या आणि मांडीवर घेऊन बसल्या.

“तोडलंस?”

“मावशी, लोक उपाशी होते. आणि दृष्ट वगैरे काही नसतं.”

“दिष्ट?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “अगं, बियाचं व्हतं ते. बियाला राखलेलं फळ तोडू न्हाई म्हनून चिंधी बांधत्यात. आमच्यात बारकं पोरगं बी जानतंय.”

मी म्हणाले, “मला कुठं माहीत होतं?”

“लई इचारतीस की तू. हेवढंच कसं न्हाई इचारलंस?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. माहेरचं बी, पदरात बांधून आणलेलं, लावलेल्यातलं दोनच उगवलेलं. वेल आता थकले होते, खालून पिवळे पडत होते, नवी फुलं वाळून गळत होती. परत दोडका धरेल आणि पिकेल इतका दम त्यांच्यात नव्हता. म्हणजे गेलं. त्या ‘गेलं’ असं दोनदा म्हणाल्या. मग चिंध्यांची घडी घालून पत्र्याच्या खोलीत गेल्या.

“मी शोधून आणते,” मी दाराबाहेरून म्हणाले.

आतून उत्तर आलं, “कुनाच्या पोटातनं?”

सोमवारी सकाळी मी काकांना गाठलं. कोणाकोणाला दिले आठवतंय का?

“नावं लिहिली असती तर, पत्रकबाई...”

“तरी लिहिणार नाही. आठवा.”

काकांनी डोळे मिटले. एक मागवाल्यांच्या गल्लीतली बाई, बरोबर दोरीला शेळी होती. एक म्हातारेबाबा, दाढीवाले, डालडाचा डबा घेऊन आले होते. तिसरी कोण ते काही केल्या आठवेना. “बाई होती. हिरवं लुगडं असेल. किंवा निळं.”

शेळीवाली लगेच सापडली, कारण शेळी दारातच होती. घरात माग उभा, त्यावर अर्धी विणलेली चादर तशीच सुताची वाट बघत होती. त्या घरात तेलुगू बोलत. बाईंनी माझ्याशी मराठीत सुरुवात केली. “शिरांची चटणी केली, लई छान झाली. तीळ नव्हते, तरी. आतलं मात्र नुसती दोरी! सूत काढून विणता येईल असलं.”

“आतलं कुठाय?”

त्यांनी शेळीकडे बोट दाखवलं. आतून त्यांच्या सासूबाईंनी ओरडून सांगितलं, “मेका तिनेसिंदी!” शेळीनं खाल्लं, हे कळायला मला भाषांतर लागलं नाही. शेळी माझ्याकडेच बघत चघळत होती. बाई म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी कोवळा द्या हं, ताई.” मी मान डोलावली. दोडक्याच्या शिरांची चटणी तीळ न घालता कशी करतात, तेही विचारून घेतलं. राहवलं नाही.

म्हातारेबाबा मशिदीमागच्या बोळात सापडले. मला बघून त्यांनी खाट सरकवली. “बैठो बेटी. वो दोडका तुम दिये थे? शनिवार कू पकाये. चबा-चबा के मेरे दातां दुखगये. जो दो-चार बचे हैं, वोइच.”

“आणि बिया?”

“बीजां? मुर्ग्यां कू डाल दिये.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “क्या हुआ? जहर था क्या?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. कोंबड्या जिथे दाणे टिपत होत्या तिथे आम्ही दोघांनी वाकून बराच वेळ शोधलं. एक बी सापडलं, पांढरं आणि चपटं, आत काही नाही. बाबांनी ते माझ्या तळहातावर असं ठेवलं की मला फेकवेना.

तिसरा दोडका शोधायला तो दिवस गेला आणि पुढचाही. बाहेरून आलेली माणसं राहत होती तिथे, रुळांच्या पलीकडे, पोत्यांच्या आणि पत्र्याच्या खोल्यांतून मी विचारत फिरले. चुलीवर रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी चाललेल्या. लोकांना माझी गंमत वाटत होती. “दोडका द्यायला आलाय का?” “न्हाई, न्ह्यायला आल्यात!” एका म्हाताऱ्यानं विचारलं, “सरकारी हाय का दोडका?” पोरंसोरं मागून चालू लागली. मी इतक्या चुली आयुष्यात पहिल्यांदा आतून बघत होते. ‘झोपडीतला अंधार’ असं मी लिहायचे, पण झोपडीत कोण कुठे काय टांगतं, मीठ कशात ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. मीठ करवंटीत होतं. आणि एका दारातून आत बघितलं, तर चुलीच्या वर, धुरात, पत्र्याखालच्या तारेला माझा दोडका लटकत होता. देठाला तुटलेल्या चिंधीची गाठ तशीच होती.

खोलीतली बाई खडी फोडायच्या कामावरून नुकतीच आली होती. मोहोळकडच्या खेड्यातली. लुगडं ना हिरवं होतं, ना निळं. मी दोडक्याकडे बोट दाखवून विचारलं, हा शिजवला का नाही?

“चिंधीचा दोडका कोन शिजवतंय व्हय? गाठ दिसली की मला. बियाचं हाय म्हनलं. कुन्या येड्यानं तोडलाय, आता वाळवू तरी.”

“मी तोडला.”

“तुमी?” तिनं माझ्याकडे पायापासून वर बघितलं. “शिकलेल्या दिसताय की वो.”

मी मावशींची गोष्ट सांगितली आणि दोडका परत मागितला. ती ऐकत होती. मग कमरेची पिशवी काढली, तिच्यातून एक चौघडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक.

“मला वाचाय येत न्हाई. शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. भीक न्हाई, हक्क हाय म्हनं. खरं का?”

“खरं.”

“मग माझा हक्क हाय ह्यो. दिलेलं परत कसं मागताय?”

बाहेर जमलेली पोरं हसली. माझ्याकडे प्रत्येक मुद्द्याला उत्तर असायचं. इथे समोरची बाई माझंच वाक्य धरून उभी होती आणि मला ते खोटं म्हणता येत नव्हतं. म्हणावंसंही वाटत नव्हतं. ‘तुम्ही काय करणार ह्याचं?’ एवढंच विचारलं.

“लावनार. गावाकडं जाईन तवा. माझं बी-भरन समदं गेलंय.”

मी मावशींना जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता त्या भांडायला निघतील, किंवा परत ‘गेलं’ म्हणतील. त्यांनी विचारलं, “धुरावर टांगलाय?” हो म्हणाले. “देठ वर हाय का खाली?” वर. त्या उठल्या, चपला घातल्या.

त्या दोघी भेटल्या तेव्हा मी दारात उभी होते. कुणी हक्काचं काढलं नाही, माझं नाव काढलं नाही. मोहोळच्या बाईनं पाट पुढे सरकवला. मावशींनी दोडका बोटानं वाजवून बघितला.

“कडू हाय का वो वेल?” तिनं विचारलं.

“न्हाई. पैलंच फळ चाखलंय. कडू असता तर राखला असता व्हय?”

“पानी किती लागतंय?”

“पानी न्हाई लागत. माती कसली तुमची?”

“मुरमाड.”

“मग लई ग्वाड ईल.”

असं बराच वेळ चाललं. शेवटी मावशी म्हणाल्या, “निम्मं तू ठिव, निम्मं मी न्हेते. माजं गेलं तर तुज्याकडं मागाय येईन. तुजं गेलं तर तू ये.” तिनं जरा विचार केला आणि विचारलं, “तुमचं गाव कुटलं म्हनलासा?” मावशींनी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाठ करून घेतलं. मग मावशींनी तिचं गाव विचारलं आणि पाठ करून घेतलं. नावं लिहायची नाहीत, हे माझं म्हणणं तिथे कुणाला माहीतच नव्हतं आणि लिहायची कुणाला गरजही पडली नाही.

दोडका आणखी पंधरा दिवस धुरावर राहिला. मी रोज जायचे, हलवून बघायचे. बाई म्हणायची, “हलवून लौकर वाळत न्हाई, ताई.” एके दिवशी आत खुळखुळ वाजलं. तिघी मिळून आम्ही बसलो. मावशींनी टोक मोडलं आणि दोडका पाटावर आपटला. पहिल्यांदा पांढऱ्या, पोकळ बिया पडल्या. मी लवकर तोडल्यानं त्या भरल्याच नव्हत्या. मग देठाकडचं जाळं फाडलं तेव्हा काळ्या बिया निघाल्या. अकरा. मावशींनी एकेक दाताखाली हलकेच दाबून बघितली. पाच तिला, पाच त्यांना.

अकराव्या बीचं काय करायचं, यावर दोघी थांबल्या. अजून उगवतंय का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाळलेली बी काळी झाली म्हणजे जिवंत असतेच असं नाही. “लावून बघू की,” मी म्हणाले. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

“लाव,” मावशी म्हणाल्या. “तूच लाव.”

मी बागेत एक तडकी घागर पुरली, वात घातली, शेजारी बी टोचली. पुढचे सगळे दिवस मला पत्रक लिहायला जमलं नाही. सकाळी उठून आधी बाग. मातीला हात लावायचा नाही, उकरून बघायचं नाही, असं मावशींनी बजावलं होतं, आणि ह्या वेळी मी का ते विचारलं. “उकरलं की कोंब मोडतोय,” त्या म्हणाल्या. एवढं सोपं उत्तर होतं.

चौथ्या दिवशी मी विचारलं, “मावशी, ती चिंधी दृष्टीची नव्हतीच का मग?”

त्या मेथीचं तण काढत होत्या. “दिष्टीची बी व्हती की. तुज्यासारक्यांच्या.”

आठव्या दिवशी माती किंचित उचलली गेली होती. नवव्या दिवशी दोन जाड पानं वर आली होती, एकाच्या टोकाला बीचं काळं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मी ते काढायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. धावत रुळांपलीकडे गेले. मोहोळची बाई कामावर निघाली होती. मी लांबूनच ओरडले, “उगवलं!”

तिनं कमरेची पिशवी चाचपली. माझं पत्रक अजून तिच्यातच होतं, पण आता त्यात पाच बिया बांधलेल्या होत्या. “बरं झालं,” ती म्हणाली, पिशवी परत खोचली आणि हातोडा घेऊन चालू लागली. चार पावलांवर थांबून मागे वळली.

“घागर भरलीया का? ऊन लई हाय.”

भरली नव्हती. मी परत पळाले.